शेवटच्या घराचा नारळ

पहिल्या नंबराचा इतका राग मनात धरून जगणारा दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडणार नाही. सापडलाच, तर माझ्या बायकोच्या मामांना आनंदच होईल, कारण मग पहिला नंबर त्याला देऊन त्यांना मागं सरकता येईल. पूर्णेहून एसटीनं अर्ध्या तासावर त्यांचं गाव आहे. गावाला तीन गल्ल्या. देवीच्या देवळापाशी वरची, मग मधली आणि ओढ्याला लागून खालची. मामांचं घर खालच्या गल्लीत, त्यातही अगदी शेवटचं. शेत कालव्याच्या चारीवर, तेही शेपटाला. नळाला पाणी आलं की वरच्या गल्लीच्या म्हशी धुऊन होईपर्यंत मामांच्या तोटीतून नुसता वारा यायचा, आणि चारीला पाणी सुटलं की वरच्यांचा ऊस भिजेपर्यंत मामांच्या वाट्याला गाळ. अशा जागी राहून माणूस शांत राहिला असता तर मीच त्याला नावं ठेवली असती.

माझी त्यांची पहिली गाठ मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पडली. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलीकडच्या सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेले मामा तेवढे म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण पहिला हाय. पहिलंच स्थळ बघून हो म्हणलं, तर बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलं?" त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, डोळे वटारले. उपयोग शून्य. दिवाळी उलटेपर्यंत मला ताटकळत ठेवून या गृहस्थांनी जिल्ह्यातली निम्मी पोरं बघितली आणि मग एका सकाळी परभणीला माझ्या दारात उभे राहून सांगितलं, "समदे बघून झाले. आता तुमी बरे वाटायलाव." तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आता मी मोठ्या ऐटीत सांगतो की मला समदे बघून पसंत केलेलं आहे. असं म्हणू शकणारे नवरे फार नसतात.

त्याच लग्नात त्यांनी पहिल्या पंगतीला बसायला साफ नकार दिला. वधूचा मामा उपाशी कसा ठेवायचा म्हणून लोक हाताला धरून ओढत होते. मामांचं म्हणणं एकच. "पहिल्या पंगतीनं वरणाला नाव ठेवलं की शेवटपर्यंत तेच चालतं. मग चाखतं कोण?" ते शेवटच्या पंगतीला बसले, तोवर बुंदी संपली होती. वरणभात जेवून, खरकटा हात तसाच वर धरून त्यांनी फैसला सुनावला की वरण चांगलं होतं. आचारी एव्हाना भांडी टेम्पोत चढवत होता. त्याला गहिवरून आलं असावं, कारण दिवसभर त्यानं त्या वरणाबद्दल शिव्याच खाल्ल्या होत्या.

पुढं पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि मामांना अमेरिका सापडली. तिथं राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर आधी आपल्याच पक्षात निवडून यावं लागतं, ते मतदान एका दिवशी न होता एकामागून एक राज्यांत होतं, आणि आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन छोटी राज्यं वर्षानुवर्षं पहिला मान घेत आली आहेत, हे त्यांना कळलं. तिथं मागं पडलेला उमेदवार गाशा गुंडाळतो, आणि मोठमोठ्या राज्यांची पाळी येईपर्यंत निवडायला एक-दोन नावं उरतात. मी ऑफिसात होतो. मामांचा फोन आला. आवाज संतापानं कापत होता. "जावईबापू, ही तर आपली वरली गल्ली हाय."

मीही काही कमी हट्टी नाही. मी म्हणालो, मामा, छोट्या राज्यात उमेदवार घरोघरी जातो, लोकांसोबत चहा पितो, त्यांचं ऐकतो. खिसा हलका असला तरी त्याला संधी मिळते. सगळीकडे एकाच दिवशी मतदान ठेवलं तर टीव्हीवर जास्त दिसेल तोच जिंकेल. मग मामा म्हणाले, "हे बरोबर हाय. लहान जागेपासून सुरू करा, माझी ना न्हाई. पण दर खेपेला तीच जागा का? आयोवावाले मका पिकवतात, भले लोक असतील. म्हणून त्यांनी ठरवायचं अन् बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या? पाळी फिरती ठेवा म्हणावं. आमच्या चारीला शेपटापासून पाणी द्यायचा नियम झाला. तेवढं बी अमेरिकेला कळंना का?" गावात हे ऐकून लोक पोट धरून हसले. हसू देत. या प्रश्नावर मी बरंच काही वाचलंय, पण इतकं सरळ उत्तर मला कुठं मिळालं नाही.

आणि त्यांना गावचं दुखणं ठाऊक होतं, म्हणून ते अमेरिकेचं कळलं. सरपंच बिनविरोध निवडायचा हा गावाचा अभिमान. देवीपुढचा नारळ घेऊन चार जाणते वरच्या गल्लीतून निघत. तिथं दोन-तीन नावं निघत, मधल्या गल्लीत त्यातलं एक उरे आणि नारळ तिथंच फुटे. खालच्या गल्लीला खोबरं मिळायचं, विचारणा कधीच नाही. मागच्या खेपेला सरपंचपद बाईमाणसाला राखीव होतं. खालच्या गल्लीच्या मनात गयाबाई होती. वर्षातले सहा महिने ती ऊसतोडीला जायची आणि मुकादमाला तोंडावर बोलायची. तिचं नाव वर कोण घेणार? मामा भर देवळात उठले, देवीला हात जोडले, नारळ काखेत मारला आणि घराकडं चालू लागले. "ज्याला फोडायचाय त्यानं खाली यावं," एवढंच मागं वळून म्हणाले.

दुकानात नारळांची रास होती, पण देवीपुढचा तो एकच. जाणते रागानं धुसफुसत मामांच्या दारात आले. गल्लीनं गयाबाईचं नाव घेतलं. मग जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मधली गल्ली म्हणाली, खालच्यांनी ठरवलं ना, मग झालं. वरची गल्लीही तेच म्हणाली. नारळ फुटला, हलगी वाजली. एकटे मामा तोंड पाडून बसले. "हे बी पहिल्याचंच झालं. गयाबाई सोनं हाय, पण तिला पारखलं कुणी?"

गयाबाईनं काम चांगलं केलं. सिमेंटचा रस्ता तिनं खालच्या गल्लीपासून सुरू केला आणि देवळाच्या अलीकडं सिमेंट संपलं. पावसाळ्यात वरच्या गल्लीचे लोक धोतर वर धरून चालू लागले, आणि खालची गल्ली ओट्यावर बसून ते बघायची. मामा बघायला बसले नाहीत. ते वरच्या गल्लीत गेले आणि नवा नियम मागून आले. दर खेपेला सुरुवात वेगळ्या गल्लीतून, आणि शेवटच्या घराला विचारल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. हातचं घालवलं म्हणून त्यांची स्वतःची गल्ली त्यांच्याशी बोलेना. मामा हटले नाहीत. "आपली गल्ली पहिली आली म्हणून अन्यायाचा न्याय होत न्हाई," असं त्यांनी एकेकाच्या दारात जाऊन ऐकवलं.

यंदा नारळ मधल्या गल्लीतून निघाला, वर गेला, मग खाली आला. मी मुद्दाम गेलो होतो. मामा सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून दारात बसले होते. जाणते आले ते अख्खा नारळ घेऊन, आणि तीन नावं अजून शिल्लक होती. "बोला आबा," त्यांच्यातला एक मामांना म्हणाला. उपरण्यानं डोळे पुसून मामांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये." मामी पदराला पीठ पुसत दारात आल्या. "हिला ईचारा. घरात शेवटची ही हाय."

मामींनी नारळाकडं पाहिलं, मग चौघांकडं. "मला आजवर कुणी काई ईचारलं न्हाई. आता एकदम कसं सांगू? ईचार करू द्या. दुपारून या."

चौघे नारळ घेऊन परत गेले. तीन गल्ल्यांचं गाव मामींसाठी खोळंबून राहिलं आणि मामी आत जाऊन भाकरी थापू लागल्या. कुणाचं नाव घेणार, असं मी मामांना हळूच विचारलं. "काय की. मला बी सांगंना," ते म्हणाले, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मामींनी ताट वाढून आणलं. मामांनी ताटाला हात लावला नाही. सगळ्या पंगतींत शेवटी बसणारा हा माणूस घरात मात्र जन्मभर बायकोच्या आधी जेवला होता. भाकरी गार झाली तरी ते थांबून राहिले. शेवटी मामी आपलं ताट घेऊन शेजारी बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "इतकी वर्षं हे कुठं होतं?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मामींनी पहिला घास घेईपर्यंत तो तसाच हातात धरून ठेवला.