ताडपत्रीचा ऐतिहासिक रंग

जुन्या इमारतीत काम करणाऱ्याकडे धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. धूळ निदान झाडता येते, असं मला सुरुवातीला वाटायचं!

माझं शिक्षण पुण्यात झालं. तिथल्या जुन्या इमारतींवर फ्लेक्स लागलेले पाहिले की मी मित्रांना सुनावायचे, "जर्मनीत जाऊन बघा! तिथे जुन्या भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागते!" २००५ साली आर्किटेक्ट होऊन मी श्टुटगार्टला आई-बाबांकडे परतले आणि तासाभरावरच्या एका संरक्षित श्लॉसमध्ये नोकरीला लागले. फ्रेंच धाटणीचा महाल, मधल्या अंगणाच्या तिन्ही बाजूंनी इमारत, वर स्लेटच्या दगडी कौलांचं उंच छप्पर.

पहिल्या दिवशी व्यवस्थापक हेर, म्हणजे श्रीयुत, क्राऊझ यांनी मला किल्ली दिली. सोबत छत्री.

"पण पाऊस तर थांबलाय," मी म्हटलं.

"आल्झो... म्हणजे, बाहेरचा थांबलाय."

* * *

संगीत दालनाच्या छतावर आकाश रंगवलेलं होतं. ढग, देवदूत, कोवळं ऊन. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. मधोमध ताटाएवढा ओला डाग होता, कारण वरची चार कौलं फुटली होती. बर्फ पडायच्या आत ती बदलली नाहीत, तर हे आकाश खाली येणार हे स्पष्ट होतं.

कौलं मात्र मूळ फ्रेंच खाणीतलीच हवीत, असा नियम. खाण कधीच बंद पडलेली!

मग मी तात्पुरत्या ताडपत्रीसाठी अर्ज केला. वारसा कार्यालयाचं उत्तर आलं, "निळा रंग ऐतिहासिकदृष्ट्या अयोग्य. इतर सहा रंगांचे फोटो फॅक्स करा."

केले.

"सगळे करडे दिसतात."

* * *

महालाचा इतिहास तर अजबच. बांधणारा जहागीरदार फ्रान्सला कधी गेलाच नव्हता. त्याने एक छापील नकाशा मागवला आणि तसाच्या तसा बांधून घेतला. तो नकाशा छापताना डावं-उजवं उलटं झालं होतं! त्यामुळे सकाळचं ऊन मालकाच्या शयनगृहाऐवजी दुधाच्या कोठीत यायला लागलं.

"मग चूक कुणाच्याच लक्षात आली नाही?" मी विचारलं.

हेर क्राऊझ म्हणाले, "आली ना. पण तोवर ती फ्रेंच शैली म्हणून प्रसिद्ध झाली होती."

* * *

पाचव्या पत्रानंतर कार्यालयातल्या फ्राऊ डॉक्टर लिंडनर स्वतः आल्या. डागाकडे दुर्बिणीतून बराच वेळ बघून म्हणाल्या, "कडा जुनी दिसते."

"हो, पण मधलं पाणी ताजं आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे कडा जपावी लागेल."

* * *

एका रविवारी आई-बाबा बघायला आले. बाबा त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. ते बादलीत पडणारे थेंब मोजत उभे राहिले.

"अहो, वर बघा ना," आई म्हणाली. "केवढे ढग काढलेत! मग पाऊस पडणारच."

"हे एका दुपारचं काम आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे कायदा आहे."

"अगं, कायद्यानेच गळतंय ते!"

त्या दिवशी मी बाबांशी कडाकडा भांडले. कायद्याची बाजू घेऊन! आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

* * *

नोव्हेंबरात देवदूताचा डावा पाय गिलाव्यासकट खाली पडला. मी केरसुणी आणायला धावले.

"हात लावू नका!" हेर क्राऊझ ओरडले. "वर होता तोवर तो छताचा भाग. आता तो फरशीवर आहे. फरशीचा विभाग वेगळा!"

मी पायाभोवती खडूने चौकोन आखला आणि दोन्ही विभागांना पत्रं लिहिली.

* * *

मग एका गुरुवारी दुपारी जाडजूड लिफाफा आला. सही, शिक्का, सगळं जागेवर. हेर क्राऊझ यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "छत कोसळण्याची शक्यता लक्षात घेता, कोसळण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढण्यास मंजुरी देण्यात येत आहे."

रेडिओवर शनिवारी बर्फ पडणार असल्याचं सांगत होते.

"सर्व बाजूंनी," हेर क्राऊझ सावकाश म्हणाले. "म्हणजे वरूनही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी घरी फोन लावला.

"बाबा, आज सुट्टी टाका. इथे फोटो काढायचेत, छपरावरून."

"कॅमेरा आणू?"

"नको. चार कौलं आणि हातोडा आणा."