स्पायरलवाल्या मामी

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्पायरलवाल्या मामी कुणाचाही कागदांचा गठ्ठा हातात घेतला की आधी विचारायच्या, "आत असल तर न्हाई ना?" असल म्हणजे मूळ कागद. आपण नाही म्हटलं तरी एकेक पान निरखून बघायच्या. मग थोडी थोडी पानं पंचिंग मशीनच्या फटीत सरकवून दांडा खाली ओढायच्या. कडेला भोकांची सरळ रांग पडायची. "भोक बुजवता येत न्हाई, बाई," त्या म्हणायच्या.

मामा गेल्यावर झेरॉक्स आणि स्पायरल बायंडिंगचं दुकान पुतण्या बघू लागला, पण मशीन मामींनी सोडलं नाही. "घरात बसून काय करू? इथं लेकरं येतात, बोलतात." पुढे पुढे त्या पानं अगदी डोळ्यांशी नेऊ लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उजेड कमी हाय." दारात लख्ख ऊन होतं.

नर्सच्या भरतीत माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला कागदपत्रांची तपासणी होती. मामींनी झेरॉक्स काढल्या, पानं लावली, दांडा ओढला. माझी मूळ गुणपत्रिका त्या पानांतच राहिली होती. बाहेर काढली तेव्हा कडेचा बैठक क्रमांक भोकांत गेला होता. मला रडू फुटलं. मामी कागदावरून बोट फिरवत म्हणाल्या, "काय झालं गं? सांग ना."

सकाळी त्या माझ्याआधी जीपमध्ये येऊन बसल्या होत्या. तपासणीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाल्या, "हे मी केलं. मला दिसत न्हाई, साहेब. पोरीची चूक न्हाई." हे त्यांनी पुतण्यालाही कधी सांगितलं नव्हतं. साहेबांनी दुसरी प्रत आणायला मुदत दिली आणि मला नोकरी लागली.

पुतण्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला, गेलेली नजर परत येणार नव्हती. त्याने मशीन विकून टाकलं. मी पेढे घेऊन गेले तेव्हा मामी ओट्यावर बसल्या होत्या.

"बोलले नसते तर अजून दुकानात असते," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर राग आहे का, मामी?"

"तुज्यावर काहून? पर दिवस सरता सरंना."

मी आता जवळच्याच आरोग्य उपकेंद्रात आहे. उरलेली नजर टिकावी म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला जाते. कधी त्या मुकाट्याने मान वर करतात. कधी तोंड भिंतीकडे फिरवतात. मग मी बाटली हातात धरून शेजारी बसून राहते.