एक ‘जी’ वाऱ्यावर गेला

गिरडला माझं कापडाचं दुकान आहे आणि गावाबाहेर थोडी शेती. दुकानात मी गिऱ्हाइकाशी तास तास बोलतो. घरी बोलत नाही. स्वभावच तसा, असं मी आजवर सांगत आलो. ते खोटं होतं, आणि ते एका दुपारी हसून हसून पोट दुखत असताना उघडं पडलं.

त्या हिवाळ्यात शिवारात वाघाची पावलं उमटली होती. आमच्याकडे शेतात उभं राहून कोणी वाघ म्हणत नाही. नाव घेतलं की तो येतो म्हणे, म्हणून त्याला मामा म्हणायचं. माझे सख्खे मामा हिंगणघाटला असतात. घोळ नको म्हणून सगळे त्यांना मामाजी म्हणतात. मामा आणि वाघ यांच्यात फरक तो एवढ्या ‘जी’चा.

बाजाराचा दिवस होता, वेचणाऱ्या बाया नव्हत्या. मी आणि बायको कापूस किती फुटला ते बघायला गेलो होतो. अबोला होता, म्हणजे माझा होता. तिला सावंगीला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा मिळत होती. आठवडाभर तिकडेच राहायचं, रविवारी घरी. हो की नाही ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायचं होतं. ती रोज विचारायची. मी ‘बघू’सुद्धा म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्याच्या बांधावरून आमचा सालदार गडी ओरडला, “मामा आले वो, मामा!”

माझ्या चपला कापसातच राहिल्या. विहिरीजवळच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीत घुसलो, आतून कडी लावली. अंधार, ग्रीसचा वास, आणि आम्ही दोघं पाइपांवर बसून धापा टाकतोय. बायको माझ्यापेक्षा शांत होती. जेवताना मोबाईलवर शिकारीचे व्हिडिओ बघायची तिला भारी आवड. मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचो.

“भेऊ नका,” ती कुजबुजली. “त्यातल्या त्यात हाच सज्जन. नरडं धरते न् दम जाईपर्यंत सोडत नाई. आपल्याले काही समजतच नाई. मंग मांगून खाले बसते. तुमचं गादीवर बसून बसून जेवढं झालं हाये ना, त्याले दोन दिवस पुरंन.”

मी कडी पुन्हा चाचपली. तिनं बिबट्या काढला. तो मानेला धरतो आणि झाडावर चढवतो, पण मला चढवता चढवता त्याचीच कंबर जाईल, असं तिचं मत पडलं. मग रानकुत्रे. ते आपण मरायची वाट बघत नाहीत. आपण उभेच असतो आणि ते चारी बाजूंनी सुरू करतात.

“म्हंजे बुफे,” मी म्हणालो.

आठवड्यातला माझा तिच्याशी पहिला शब्द. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. मग मलाही. वाघाकडे पंगत, कुत्र्यांकडे बुफे, आणि आमंत्रण नसताना ताटात मी. गळा धरलेला असताना माणूस मनात काय म्हणत असेल? दुकानाचं शटर नीट लावलं का, हेच मी म्हणालो असतो. तसं म्हटल्यावर ती मोटारीवर डोकं टेकून हसायला लागली. बाहेर मरण उभं आहे आणि लग्नानंतर इतकं कधी हसलो नव्हतो.

डोळे पुसत ती म्हणाली, “सगळ्यात वाईट अजगर. फाडत नाई, रक्त नाई. नुसता धरून राह्यते. आपण दम सोडला का जरासा आवळते. परत सोडला, परत जरासा. मंग दम घ्याले जागाच राह्यत नाई.”

ती अजगराबद्दलच बोलत होती. पण मला तिचा शिवणाचा क्लास आठवला, बहिणींबरोबर जायची राहिलेली सहल आठवली. मी कधी नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती भांडली असती. मी गप्प बसायचो, ती विचारून थकायची, श्वास सोडून ‘जाऊ द्या’ म्हणायची. त्या श्वासाचीच मी वाट बघायचो.

“तो अजगर मीच हावो,” मी म्हणालो.

तिचं हसू अजून पुरतं थांबलं नव्हतं. “अजगराले बोलता येत नाई,” ती म्हणाली. “तुमाले येते. बोला.”

आणि दारावर थाप पडली.

वाघ थाप मारत नाही, हे कळायला आम्हांला थोडा वेळ लागला. कडी काढली. बाहेर उन्हात घामाघूम झालेले मामाजी, हातात माझ्या चपला.

“काऊन रे,” ते म्हणाले, “दिवसाढवळ्या नवरा-बायको कडी लावून हासून राह्यले?”

बायको लाजून विहिरीकडे वळली. सालदार कडुलिंबावर बसला होता. त्यानं ‘मामाजी’च म्हटलं होतं, पण आम्ही पळालो म्हणून तोही घाबरून चढला होता, आणि आता त्याला उतरता येत नव्हतं.

सारा घोळ ऐकून मामाजी आधी चिडले, मग वाघाच्या पंगतीत बसवल्याबद्दल खूशही झाले. फोनचं निघालं तशी मात्र त्यांनी बायकोला विचारलं, “तू तिकडे गेल्यावर घर कोन पाहीन वं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच श्वास सोडला.

सवयीनं मी आवळायला लागलोच होतो. झाडावरून सालदारसुद्धा बघत होता.

“मी पाहीन,” मी म्हणालो. “तू लाव फोन.”

शेतात रेंज फक्त बैलगाडीवर चढल्यावर मिळते. ती चढली, कठड्याला धरून उभी राहिली आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हो जी, येतो मी सोमवारी.”

मामाजींनी माझ्या चपला माझ्यासमोर टाकल्या. मी त्या उलट्या पायांत घातल्या आणि तसाच गावापर्यंत चालत गेलो.