एक पान मागणारे मारोतराव

इतवारीतल्या लुगड्यांच्या दुकानात मारोतराव भोयरांनी उभी हयात काढली. समोरची बाई "राहू द्या, पुढं पाहतो" म्हणून उठायला लागली की ते हसत आणखी चार लुगडी उलगडायचे, आणि तीच बाई दोन लुगडी काखेत मारून जायची. असा माणूस महाल भागातल्या आमच्या गल्लीत दारोदार फिरला आणि हात हलवत परत आला. तो काही विकत नव्हता, मागत होता. आणि पैसा मागत नव्हता, हीच खरी अडचण होती.

त्यांची मुलगी जयवंता. देवीच्या साथीत तिचे दोन्ही डोळे लहानपणीच गेले. अंध मुलांच्या शाळेत ती बोटांनी ठिपके वाचायला शिकली, सातवी झाली, आणि तिथे शाळाच संपली. पुढची पुस्तकं ठिपक्यांत मिळत नव्हती. बाप वाचून दाखवायचा; पण दिवसभर दुकानात उभा राहिलेला बाप एखाद्या तहाच्या दुसऱ्या कलमापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागायचा.

"मॅट्रिक झाली तं टेलिफोनवर लागता येते, बाबा," जयवंता म्हणायची. "नाही तं जन्मभर खुर्च्या विणणं हाय."

मारोतरावांनी शाळेतून लोखंडी पाटी आणि टोचणी मागून आणली आणि कोणत्या अक्षराला कोणते ठिपके ते जयवंताकडून शिकून घेतलं. जाड कागद पाटीत अडकवायचा, एकानं इतिहासाचं पुस्तक वाचायचं, दुसऱ्यानं उजवीकडून डावीकडे एकेक ठिपका टोचत जायचं. कागद पालटला की ठिपके वर येतात. छापील एका पानाला असली चार पानं लागतात. एकट्याचा हा उद्योगच नव्हे. म्हणून ते लोकांना म्हणू लागले, "रोजचं एक पान द्या जी. पुस्तक पुढं शाळेत ठेवू. ज्याले लागंल तो वाचंल."

आमच्या गल्लीला वर्गणीची सवय. मारोतराव दारात दिसले की हात आपोआप खिशात जायचा. "पैसे नको, एक तास द्या" म्हटलं की माणसाचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. वकिलाकडे कारकून असलेले वामनराव तर हात जोडून म्हणाले, "मारोतराव, आठ आणे घ्या, रुपया घ्या, पण मले टोचायले नका लावू गा!"

शेवटी मारोतरावांनी दुकानातली युक्ती काढली. ओट्यावर पाटी घेऊन बसायचं, टकटक टोचत राहायचं आणि कुणालाही काही म्हणायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सिंधूताई थांबल्या. त्या निवृत्त मास्तरीणबाई. दुसरा काही करताना दिसला की त्यांना राहवत नसे.

"काय करून राहिले जी?"

"बसा नं. एक ठिपका टोचून पाहा."

एक ठिपका टोचणारा ओळ टोचल्याशिवाय उठत नाही. सिंधूताईंनी दुपारच्या जेवणानंतर शेजारणी ओढून आणल्या. पानठेलेवाले रुपराव आले. जयवंता म्हणायची, रुपरावांचं पान वाचायलाच नको, काथाच्या वासानं ओळखू येतं. पावसाळाभर ओटा टकटकत होता.

इतिहास पूर्ण व्हायला आला तेव्हा नत्थूजी बाइंडर आले. अक्षरओळख नसल्यामुळे त्यांना इतके दिवस ओट्याच्या खालीच उभं राहावं लागलं होतं. "मले वाचता येत नाही, पण बांधता तं येते," ते म्हणाले. "पुस्तक असं करून देतो का साहेबाच्या घरी नसंल."

दिलंही तसंच. लाल कापडी पुठ्ठे, पक्की शिलाई. दसऱ्याला सगळे जमले, पुस्तकावर झेंडू वाहिला. मारोतरावांनी ते जयवंताच्या मांडीवर ठेवलं. तिनं पान उघडलं. बोटं पहिल्या ओळीवरून गेली, परत आली, दुसऱ्या ओळीवर गेली. मग ती खणखणीत आवाजात वाचू लागली. सिंधूताईंनी डोळ्यांना पदर लावला. नत्थूजींनी सोनं वाटताना सगळ्यांना सांगितलं, "शिलाई पाहा, शिलाई."

घरी आल्यावर जयवंता म्हणाली, "बाबा, यात काहीच नाही. कागद कोराच्या कोरा हाय."

"मंग वाचलं कसं वं?"

"तुम्ही घोराच्या आधी जेवढं वाचत होते, तेवढं पाठ हाय."

नत्थूजींनी बाइंडरचा धर्म पाळला होता. सगळी पानं लोखंडी शिकंज्यात घालून, चाक फिरवून आवळून ठेवली होती. पुस्तक फुगीर राहिलं तर बाइंडरची अब्रू जाते. गल्लीनं पावसाळाभर टोचलेला ठिपका न् ठिपका दबून सपाट झाला होता.

मारोतरावांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर नत्थूजी तोंड दाखवणार नाहीत आणि बाकीचे पुन्हा टोचणी धरणार नाहीत, असा त्यांचा हिशोब. पण पुस्तक झालेलंच आहे म्हटल्यावर आता पान मागणार कोणत्या तोंडानं? ते खोलीचं दार लावून एकटेच पहिल्या पानापासून टोचू लागले. सिंधूताई विचारायच्या, "पोरगी वाचते नं?"

"वाचते जी."

मार्चपर्यंत निम्मंही झालं नाही. जयवंता मॅट्रिकला इतिहासात नापास झाली. गल्ली म्हणाली, "एवढं आयतं हातात देलं, पण पोरीनंच अभ्यास केला नसंल." हे ओट्यावर बसलेल्या जयवंतानं ऐकलं. तेवढ्यात नत्थूजी हौसेनं विचारत आले, यंदा भूगोल बांधायचा का?

तिनं त्यांचं बोट धरलं. आधी बापानं टोचलेल्या सुट्या पानावर फिरवलं, मग लाल पुस्तकातल्या पानावर. नत्थूजी तसेच खाली बसले.

गल्लीला कळलं, तरी त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. राग आला तो मारोतरावांचा. "चूक झाली तं सांगाचं होतं," सिंधूताई म्हणाल्या. "आम्ही बसलो असतो नं परत. तुम्ही आम्हाले काहून फसवलं?" सिंधूताईंनी आपल्याकडची पाटी ओट्यावर आणून ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. बाकीच्यांना उठायला निमित्तच हवं होतं.

जयवंता खुर्च्या विणायला जाऊ लागली. ओट्यावर आता दोघेच. मारोतराव वाचून ठिपक्यांची जागा सांगायचे, "वरचा, मधला, पलीकडचा खालचा," आणि नत्थूजी मान खाली घालून टोचायचे. संध्याकाळी जयवंता तयार पान हातात घ्यायची.

वर्ष सरत आलं, आणि ती एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवू लागली. खुर्च्यांच्या वेतानं तिच्या बोटांची कातडी जाड झाली होती.

"नत्थूकाका," ती म्हणाली, "जरा जोरानं टोचत जा नं. लागत नाही हाताले."

नत्थूजी जोर लावू लागले. कागद फाटू लागला.