आयुष्यभर फुकट कार्ड

चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मी हजेरी क्लार्क होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. आमचा पगार नुकताच बँकेत जमा व्हायला लागला होता, आणि पगार कुठे जमा होतो याचा वास मुंबईपर्यंत जातो हे आम्हाला त्याच वर्षी कळलं.

भर मे महिन्यात टाय बांधलेला एक माणूस कॉलनीत आला. बायकोला त्याची दया आली, तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन होईस्तोवर त्यानं माझी सही घेतलीसुद्धा.

"क्रेडिट कार्ड आहे सर, आयुष्यभर फुकट," तो म्हणाला. "फक्त दुसऱ्या वर्षापासून वार्षिक फी."

मी मान डोलावली. शेजारी राहणारे फिटरभाऊ, म्हणजे आमच्याच खाणीतले फिटर, कुंपणावरून ऐकत होते. त्यांनीही सही केली.

कार्ड आलं. चकचकीत होतं. मी ते वर्षभर कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपून ठेवलं, कारण चिखल्यात किंवा जवळच्या नाकाडोंगरीत ते घेणारं कुणी नव्हतंच. मग फीचं बिल आलं. ते आधी गोंदियाला जाऊन आलं होतं, बँकेच्या कॉम्प्युटरनं आमचा जिल्हा परस्पर बदलला होता. त्यामुळे पुढच्या बिलात फीवर लेट फी होती. म्हणजे न वापरल्याबद्दल एक दंड आणि उशिरा कळल्याबद्दल दुसरा.

मी बँकेला फोन केला. पलीकडून सांगण्यात आलं की अमुक एवढी खरेदी केली तर फी माफ होईल. मी आनंदानं फोन ठेवला.

"काय म्हन्ते बँक?" बायकोनं विचारलं.

"खर्च केला तं पैसे वाचतीन म्हन्ते."

 तिनं साड्यांच्या घडीखालून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

तुमसरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कार्डाचं मशीन होतं. बँकेनं सांगितलेल्या रकमेला बसेल अशी एकच वस्तू तिथे होती, धूळ ओढायचं यंत्र. दुकानदार म्हणाला, "कार्डावर दोन टक्के जास्तीचे लागतीन भाऊ." तेही कबूल केलं. पण आत रेंज नव्हती. तो मशीन हातात उंच धरून रस्त्यावर आला, त्याच्या मागे मी, माझ्या मागे बायको. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "काय शोधून राहिले जी?" शेवटी पानठेल्यापाशी मशीननं कागद टाकला आणि आम्ही सुटलो.

खाणीची काळी धूळ आमच्या घरात कायमची पाहुणी. यंत्रानं ती अर्धी खोली ओढली, घरघरलं आणि बंद पडलं. तेवढ्या वेळात व्होल्टेज उतरून फिटरभाऊंच्या टीव्हीतला माणूस हातभर बारीक झाला म्हणे. फी माफ झाली, हे खरं. फीवरचा कर मात्र माफ झाला नाही.

ते बिल पाहून बायको म्हणाली, "लावा फोन. मी बोलते."

मी जन्मतारीख वगैरे सांगून फोन तिच्या हाती दिला. पलीकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची.

"मॅडम, कार्ड बंद क्यों करना चाहती हैं?"

"इथं चालत नाही बाई. चालते तिथं दोन टक्के जास्ती. नाई चालवलं तं फी. मंग ठेवू कायले?"

"मॅडम, इसमें एयरपोर्ट लाउंज फ्री है।"

"आमच्या नाकाडोंगरीले यष्टी टायमावर येत नाही, तू इमान कुठं उतरवतं?"

 पलीकडची मुलगी मोठ्यानं हसली आणि तिनं कार्ड बंद केलं.

दोन वर्षं आमचं काही अडलं नाही. मग एका रविवारी निरोप आला. माझे सासरे आंधळगावचे, जन्म हातमागावर गेलेला. ते सायकलवरून पडले होते आणि मांडीचं हाड मोडलं होतं. खबर ऐकताच फिटरभाऊ आपणहून आमच्यासोबत गाडीत बसले. नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी अनामत मागितली. बँका बंद, एटीएम ठरावीक रकमेपुढे हात वर करत होतं. बायको वडिलांचा हात धरून उभी होती, आणि मी काउंटरवरच्या माणसाला सोमवारचं आश्वासन देत होतो. त्याला सोमवार पसंत नव्हता.

फिटरभाऊंनी खिशातून आपलं, फी भरून चालू ठेवलेलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. इथेही दोन टक्के जास्तीचे लागले. या वेळी बायकोनं हूं की चूं केलं नाही. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

सोमवारी बँक उघडताच भाऊंचे पैसे मी दोन टक्क्यांसकट दिले. वरचे ते परत करत होते, मी घेतले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सासरे उशीला टेकून बसले आणि त्यांनी विचारलं, "जवाईबापू, पैसे कोनं भरले?"

मी भाऊंकडे बोट दाखवलं. "कार्डावर भरले यायनं."

त्यांनी कार्ड मागून घेतलं, उलटंपालटं केलं, नखानं त्याची कड तपासली.

"एवढुशा पट्टीवर देल्ले? अन् जमानत कोन राह्यला?"

"मीच, बाबूजी," फिटरभाऊ म्हणाले.

"मंग ठीक हाय," सासरे म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला.