ब्रेकमावशीचा चौकोन

ब्रेकमावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तिच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, त्यावरून हे नाव पडलं. तिच्या थोरल्या जावेनं एकदा त्यावर पाय ठेवून बघितला आणि म्हणाली, "असला एक मला लग्नात दिला असता तर बरं झालं असतं." मावशीनं आरशात बघितलं. दीर मागच्या सीटवर बसले होते.

बाई उंचीनं बेताची, आवाजानं दमदार आणि डोक्यानं थंड. शिकवायची तिची पद्धत ठरलेली. लाकडाच्या वखारीला चारी बाजूंनी रस्ते आहेत, त्यांचा मिळून एक चौकोन होतो. नवा माणूस आला की पहिले तीन आठवडे याच चौकोनात. फक्त डावीकडे वळायचं, चार वळणं झाली की पुन्हा वखारीचं फाटक. गाडी शिकवणारे गावात दुसरेही होते, पहिल्याच दिवशी माणसाला भर चौकात नेऊन उभं करणारे. त्यांच्याकडून घाबरून पळालेली माणसं मावशीकडे यायची: पन्नाशीच्या बायका, अपघात बघून हबकलेला बँकेतला कारकून, बायकोला न सांगता शिकणारा न्हावी. या सगळ्यांना भीती गाडीची नसते, कोणी बघेल याची असते. मावशी ते ओळखून होती. गाडीत बसल्याबरोबर ती सांगायची, "इथं जे चुकेल ते इथंच राहील. उतरताना दार लावून घ्यायचं, चूक आत."

आणि ती खरोखर विसरायची. वखारीच्या फाटकाला तीनदा गाडी ठोकलेल्या एका मुलाच्या स्थळाची चौकशी करायला मुलीकडचे तिच्याकडे आले. "फार सांभाळून चालवतो," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. चौथ्यांदापासून तो सांभाळूनच चालवत होता.

तिचा दुसरा धडा असा, की कोपऱ्यावर गोंधळलात तर आधी समोरच्याला जाऊ द्या. हा धडा तिनं इतका घोटून घेतला होता, की तिचा विद्यार्थी गावात कुठेही ओळखू यायचा. तो थांबलेला असायचा.

गेल्या वर्षी गावातून तीन गाड्या चोरीला गेल्या, म्हणून पालिकेनं सहा महिन्यांच्या चाचणीवर कॅमेरे बसवले. साधेसुधे नव्हेत. हे गाडीचा नंबर वाचायचे, आत कोण बसलंय त्याचा फोटो घ्यायचे, वेळ टिपायचे आणि कुठली गाडी वावगी वागते ते आपलं आपणच ठरवून पोलीस चौकीला कळवायचे. वखारीमागून मोठ्या रस्त्याला निसटता येतं, म्हणून चार खांब नेमके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आले. गावात कुरबुर झाली. शिवणक्लासवालीनं विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करायला घेतल्या. मावशीनं सही केली नाही. "चोर सापडला तर बरंच की," ती म्हणाली, आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागली की गाडी मागे घेताना खांब आरशात मधोमध आला की स्टिअरिंग सरळ करायचं. आयती खूण मिळाली म्हणून ती खूशच होती. शहाणी माणसंसुद्धा अशी कधीकधी स्वतःच्या पायाखालचं बघत नाहीत.

पहिले पाच महिने यंत्र नुसत्या नोंदी साठवत होतं, चौकीला कळवायला ते नंतर लागलं. त्याच सुमारास एका मंगळवारी सकाळी औषधवाल्या वहिनी गाडी चालवत होत्या. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान यांचं. वय चौपन्न. नवरा गेल्यापासून घरची गाडी दीड वर्ष झाकून उभी होती. "आई, आता या वयात?" असं मुलगा एकदा म्हणाला होता, तेव्हापासून वहिनी त्याला न सांगता शिकत होत्या. तो अठरावा धडा होता आणि आज पहिल्यांदाच तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली नव्हती. तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि आडवी उभी राहिली.

जीपमधून फौजदार उतरला. तरुण, नवा, आणि मावशीच्याच हाताखाली शिकलेला.

"मावशी, गाडी जरा बाजूला घेता का?"

"ती बाजूलाच आहे. मधे तू आहेस."

तो ओशाळला. जीप मागे घेऊन, नीट कडेला लावून पुन्हा आला आणि कागद उघडला. "यंत्रानं तुमची गाडी संशयित ठरवलीय. एका दिवसात एकाच जागी एकशे बारा वेळा दिसली."

"अठ्ठावीस फेऱ्या, चार कोपरे. मोजणी बरोबर आहे."

"सावकाश जाते म्हणे. मधेच थांबते, मागे येते. चालवणारा दर तासाला बदलतो."

"अरे, याला शिकवणं म्हणतात. तू स्वतः त्या फाटकापाशी रडत बसला होतास, ते—"

मावशीनं जीभ चावली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून कोणाची चूक गाडीबाहेर पडली होती. फौजदार कानापर्यंत लाल झाला.

वहिनींचं मात्र या दोघांकडे लक्ष नव्हतं. त्या कागदावरचे फोटो बघत होत्या. एका फोटोत त्या स्वतः होत्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलेलं, डोळे मिटलेले.

"हे चौकीत सगळे बघतात?" त्यांनी विचारलं.

"सगळे नाही, काकू. ड्यूटीवर असतील तेवढेच."

वहिनी उतरल्या, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेल्या. संध्याकाळी निरोप आला: झालं एवढं पुरे. त्या आठवड्यात जीप आणखी तीनदा आली, कारण यंत्रानं कळवलं की जायचंच, असा नियम होता. न्हावी यायचा बंद झाला. बँकेतला कारकून आला, पण टोपी नाकापर्यंत ओढून, आणि मग त्याला रस्ता दिसेना.

मावशी तडक पालिकेच्या अध्यक्षांकडे गेली. ते पेशानं दातांचे डॉक्टर. दवाखान्यात पेशंटची खुर्ची तेवढी रिकामी होती, ती तिच्यातच बसली.

"आ करा," डॉक्टर सवयीनं म्हणाले.

"मी बोलायला आलेय. आ करून कसं बोलू?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीवर लगेच इलाज सुचायचा. "सोपं आहे," ते म्हणाले. "दर आठवड्याला तुमच्या विद्यार्थ्यांची नावं, फोटो आणि वेळा चौकीत देऊन ठेवा. यंत्र तुमच्या वाटेला जाणार नाही."

"माझी माणसं लपून शिकतात, डॉक्टर."

"लपायचं कशाला? ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कसली?"

मावशीनं खुर्चीभोवतीच्या पडद्याकडे बोट केलं. "मग हा कशाला लावलाय? दात काढून घेणं काही गुन्हा नाही."

डॉक्टरांनी पडदा जरा सारखा केला. मग म्हणाले, "तसं असेल तर चौकोन सोडा. तळ्याकडे केवढं मोकळं मैदान आहे."

"मैदानात कोपरे कुठून आणू?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. सहा महिने संपत आले होते आणि कॅमेरे कायमचे ठेवायचे की नाही, ते येत्या शनिवारच्या सभेत ठरायचं होतं. ठेवायचे ठरले, तर मावशीनं एक तर नावं द्यायची, नाही तर चौकोन सोडायचा. म्हणजे भित्र्या माणसांना शिकवणं बंद. तिला दुसरं काही शिकवता येत नव्हतं आणि यायला नकोही होतं.

घरी तिचे यजमान, निवृत्त टपालमास्तर, भांडी पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एक बशी दोनदा पुसली.

"तू एकटी एकशे बारा वेळा दिसलीस तर जीप आली," ते म्हणाले. "साठ जण दिसले तर काय येईल?"

"अहो, साठ जण कुठले?"

"तुझेच. एकतीस वर्षं काय शेंगा सोलल्यास?"

मावशी शिवणक्लासवालीकडे गेली, अर्ज मागितला, सही केली. "उशिरा आले, ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"मी काही बोलले का?" शिवणक्लासवाली म्हणाली. बोलली नव्हती, पण मशीन मात्र जरा जोरात चालवत होती. दोघींनी मिळून यादी केली आणि घरोघर निरोप गेला: शनिवारी सकाळी दहाला, सभेच्या आधी, ज्याला मावशीनं शिकवलंय त्यानं गाडी घेऊन यायचं. चौकोनाला तीन फेऱ्या, सगळे नियम पाळून, मग सभेला.

शनिवारी त्रेसष्ट गाड्या आल्या. बेत चांगला होता, पण त्यात एक खोट निघाली, आणि ती मावशीच्याच शिकवणीची. चौकोनातल्या गाड्या कोपऱ्यावर थांबल्या, गल्लीतून येणाऱ्यांना आत येऊ द्यायला. गल्लीतल्या थांबल्या, चौकोनातल्यांना पुढे जाऊ द्यायला. काचा खाली झाल्या. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." "मला घाई नाही." "मला तर मुळीच नाही." दहा मिनिटं एक चाक हललं नाही. हॉर्न कोणी वाजवेना, कारण तोही मावशीनं वाजवू दिला नव्हता.

मावशी चालत निघाली. बॉनेटांवर हात आपटत ती प्रत्येकाला सांगत होती, "शिकवलं ते बरोबर आहे, पण मेल्यांनो, कोणी तरी आधी निघायला हवंच की. तू नीघ. तू थांब. तू इंजिन बंद कर, उगाच धूर नको." हळूहळू माळ फिरायला लागली. एकदा लागली ती अशी, की एकामागे एक गाडी चिकटून चाललेली, मधे फट म्हणून नाही. त्याच माळेत दातांचे डॉक्टर सापडले. ते बिचारे सभेलाच निघाले होते. तेरा जणांनी त्यांना आग्रहानं आत घेतलं होतं, पण बाहेर पडायला उजवीकडे वळावं लागत होतं आणि तिकडून आत येणाऱ्यांची रांग लागलेली.

तिसऱ्या फेरीला त्यांनी मावशीसमोर काच खाली केली. "अहो, मला सभेला जायचंय."

"मलाही. डावीकडे घ्या."

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. कॅमेऱ्यांचं काम कसं झालं ते सांगायला फौजदाराला बोलावलं होतं. त्यानं सहा महिन्यांचा अहवाल वाचला. चोरीच्या गाड्या सापडल्या: एकही नाही. मग त्यानं दुसरा कागद काढला.

"आज सकाळी दहा ते अकरा. संशयित वाहनं, चौसष्ट. नियमाप्रमाणे प्रत्येकाची चौकशी चोवीस तासांत करावी लागते. यादीत पहिला नंबर अध्यक्षसाहेबांचा आहे, म्हणून इथूनच सुरुवात करतो." त्याचा चेहरा अगदी सरळ होता. "साहेब, वखारीभोवती तीन फेऱ्या कशासाठी मारल्यात?"

"मी सभेला येत होतो."

"तीनदा?"

"बाहेर पडता येईना."

हॉलमध्ये हसू पसरलं. फौजदारानं पान उलटलं. "फोटोत शेजारी एक बाई दिसतात. त्या कोण?"

"माझ्या सासूबाई आहेत त्या, आणि त्यांना कशाला यात ओढता? त्या कुठे जातात, कोणाबरोबर जातात, हे इथं भर सभेत..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. ते खुर्चीत बसले आणि हातातलं पेन मिटून खिशात ठेवलं.

ज्यानं काही केलं नाही त्याला भीती कसली, हे वाक्य मावशीच्या अगदी ओठांवर होतं. तिनं ते गिळलं. दवाखान्यात बोललेलं दवाखान्यात. ती उठली आणि एवढंच म्हणाली, "कॅमेरे काढाच. पण आतल्या नोंदीही पुसा, आणि पुसल्याचं लेखी द्या. सहा महिन्यांत माझी माणसं कुठे कुठे चुकली, ते पुढे कोणाच्या हाती लागायला नको."

"आणि चोऱ्या झाल्या तर?" एका सभासदानं विचारलं.

"वखारवाला दिवसभर दारात बसलेला असतो. त्याला विचारा. सगळं बघतो, आणि जेवून उठला की निम्मं विसरतो. एवढी पाळत गावाला पुष्कळ झाली."

अकरा सभासदांपैकी सात हात कॅमेरे काढायच्या बाजूनं वर झाले. सातवा हात डॉक्टरांचा होता. तो कानापर्यंतच गेला, पण मोजला गेला.

बाहेर पायऱ्यांवर मावशीनं फौजदाराला गाठलं. "त्या दिवशी माझ्या तोंडून नको ते निघालं, बाळा. चुकलंच माझं."

"कुठल्या दिवशी?" तो म्हणाला. "मला काही आठवत नाही, मावशी." आणि जीपमध्ये बसला.

पुढच्या आठवड्यात शिडी लावून कॅमेरे उतरवले. खांब राहिले, त्यांवर दिवे लावायचं ठरलं. नोंदी पुसल्याचं पत्र आलं, ते टपालमास्तरांनी दोनदा वाचून शिक्का तपासला. न्हावी परत आला. गुरुवारी औषधवाल्या वहिनी स्वतः चालत आल्या. आपली जुनी वेळ मोकळी आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. नव्हती, पण मावशीनं कारकुनाला अर्धा तास पुढे सरकवलं.

वहिनींनी गाडी सुरू केली. पहिला कोपरा नीट गेला. दुसऱ्या कोपऱ्यावर त्या मान वर करून खांबाचा रिकामा शेंडा न्याहाळू लागल्या आणि गाडी शांतपणे फुटपाथकडे निघाली. मावशीनं आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला.

"वर काय बघताय, वहिनी? रस्ता खाली आहे."

"खात्री करून घेतली," वहिनी म्हणाल्या. मग आरसा बघितला, मागून येणाऱ्या सायकलवाल्याला आधी जाऊ दिलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.