भिंतीवरची पोकुआ

घानातल्या आमच्या कुमासीत मेल्यावर कुणी गरीब राहत नाही, आणि याचं निम्मं श्रेय आमच्या वोफा अडोमाकोला आहे. वोफा म्हणजे मामा. तो माझा मामा नाही, खरं तर कुणाचाच नाही, पण असाफोच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्याला वोफाच म्हणतात. त्याच्या 'देवाची वेळ फोटो स्टुडिओ'ची आणि माझ्या शिलाईच्या दुकानाची भिंत एकच. घरातलं कुणी गेलं की लोक आधी त्याच्याकडे जातात, फोटोचं पोस्टर करून घ्यायला. मग माझ्याकडे येतात, अंत्यविधीचे काळे-लाल कपडे शिवून घ्यायला. दुसऱ्यांच्या मरणावर जगणारी आम्ही दोघं. मला त्याची कधी लाज वाटली नाही. पोट कुणाला चुकलंय?

वोफाचं काम बघत बसावं असं. घरचे लोक ओळखपत्रावरचा फोटो घेऊन यायचे. एखादा सुतार, फाटक्या बनियनमधला, कपाळावर शिक्का उमटलेला. वोफा संगणकावर बसून त्याच्या खांद्यावर केंटेचं भरजरी वस्त्र चढवायचा, मान जराशी उचलायचा, कपाळावर उजेड आणायचा. चार दिवसांनी तोच सुतार मोटार स्टँडच्या भिंतीवर सरदारासारखा बसलेला. एका बाईने नवऱ्याचं पोस्टर बघून कपाळाला हात लावला. म्हणाली, हा जिवंतपणी असा दिसला असता तर मी एवढी भांडले नसते. फोटोखाली नाव, वय आणि गाव. पिकलं पान गळालं असेल तर पोस्टर रंगीत, तरुण माणूस गेलं असेल तर काळं-पांढरं. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

अशा या माणसाकडे राजधानी अक्राहून नाआ देदेई नावाची मुलगी आली. नवे धंदे काढणाऱ्या तरुणांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती होती. तिने वोफाच्या टेबलावर परदेशी मासिकं पसरली. मीही डोकावले. आफ्रिकेचं पान उघडलं की डोळ्यांवर माश्या बसलेलं पोर, हातात वाडगा. दुसऱ्या मासिकात दुसरं पोर, वाडगा तोच. नाआ देदेई सांगत होती, की आमची हुशार पोरं भांडवल मागायला बाहेर जातात, आपल्या कंपनीचे आकडे मांडतात, पण समोरच्याच्या डोक्यात हा वाडगा आधीच येऊन बसलेला असतो. आकड्यांना उत्तर म्हणून दया मिळते. तिला अशा बारा जणांचे फोटो हवे होते, परदेशात प्रदर्शनात लावायला, मासिकांना द्यायला. शहरातले नामांकित फोटोवाले सोडून ती वोफाकडे आली, कारण तिने भिंतीवर त्याचा सुतार पाहिला होता.

"तुमच्या पोस्टरमधला माणूस कुणापुढे हात पसरत नाही," ती म्हणाली. "मला तशी माणसं हवीत. फक्त जिवंत."

वोफाला आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर ज्यांचे फोटो केले त्यांच्यापैकी एकानेही कधी 'छान आलाय' म्हटलं नव्हतं. मी त्याला चिडवलं, "वोफा, हे लोक श्वास घेतात, मध्येच हलतात. जमेल ना?" तो हसला नाही. त्याने दोन दिवस खपून लेन्स पुसल्या आणि मागचा पडदा इस्त्रीसाठी माझ्याकडे आणून दिला.

बारा जणांत पोकुआ मला सगळ्यात आवडली. मांपोंगची पोरगी, वय चौतीस. टेचिमानच्या बाजारात तिने उन्हावर चालणाऱ्या थंड खोल्या उभ्या केल्या होत्या. टोमॅटोवाल्या बायका मोबाइलवरून त्यात आपल्या खोक्यांची जागा राखतात. पूर्वी निम्मा माल रस्त्यातच सडायचा. ती थेट बाजारातूनच आली, बाहीवर टोमॅटोचा रस तसाच. तिला फोटो खोक्यांसमोर हवा होता. वोफाने साफ नकार दिला. खोकी दिसली की परदेशातला माणूस तिला हमाल समजेल, असं त्याचं म्हणणं. त्याने तिला गडद वस्त्र पांघरायला दिलं, उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं, हसू नको म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी लांब बघायला लावलं.

"वोफा, मी बघतेय तरी कुणाकडे?" तिने विचारलं.

"म्हातारपणीच्या पोकुआकडे. तिला सांग, सगळं नीट झालं म्हणून."

फोटो तयार झाल्यावर मी तो हातात घेऊन पाहिला. ती कुणाची मिंधी नाही, एवढंच त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिच्या हातात वाडगा कल्पायची कुणाची छाती झाली नसती.

मग नाआ देदेईला आणखी एक सुचलं. ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या गावीही लावायचा, म्हणजे तिथल्या पोरांना कळेल की आपल्यातलंही कुणी मोठं होऊ शकतं. पोस्टरचा नमुना आला, पहिला पोकुआचाच. प्रदर्शनातले फोटो काळे-पांढरे, म्हणून हाही तसाच. खाली नाव, वय, गाव. मांडणी तिने वोफाच्याच पोस्टरवरून उचलली होती. मुलगी अक्राची, समुद्राकाठची, शिकली परदेशात. आमच्याकडच्या भिंती तिने कौतुकाने पाहिल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. मी तेव्हा गिऱ्हाइकाच्या मापात गुंतले होते. वोफा दारात उजेडाला तो नमुना धरून बराच वेळ उभा असलेला मला दिसला. मग आत गेला आणि फोनवर म्हणाला, छान झालंय, लावा. पोस्टर चिकटवायला त्याचा नेहमीचाच माणूस मांपोंगला गेला आणि मेलेल्यांची पोस्टरं लागतात त्या नेहमीच्याच भिंतीवर चिकटवून आला.

पोकुआची आई बिरागो, जिला सगळे मानाने एनो म्हणतात, मांपोंगच्या मोटार स्टँडवर केळी भाजून विकते. सकाळी शेगडी पेटवायला आली, तर समोरच्या भिंतीवर लेक. काळी-पांढरी. खाली वय.

आता पुढचं आमच्या माणसांनाच कळेल. आमच्याकडे मरणाची बातमी आईला कुणी तोंडावर सांगत नाही. घरातले वडीलधारे एकत्र येतात, आधी पाणी देतात, मग कुणीतरी म्हणतं की पोरीला जरा बरं नाही, मग दवाखान्यात नेलंय म्हणतात, आणि असं करत करत पायरीपायरीने खाली उतरवतात. एनो बिरागोला नवऱ्याची बातमी अशीच कळली होती. त्यामुळे भोवती जमलेले लोक, अगं काहीतरी जाहिरात असेल, पोकुआ ठणठणीत असणार, तू आधी दोन घोट पाणी पी, असं म्हणायला लागले, तेव्हा तिची खात्रीच पटली. जितकी समजूत घालावी तितकी ती खचत गेली. तिने लेकीला फोन लावला, फोन बंद. पोकुआ तेव्हा विमानात होती, त्याच प्रदर्शनाला निघालेली. गावातल्या दोन म्हाताऱ्या तर काळे कपडे घालून रडत आल्यासुद्धा. दुपारी एनो बिरागो शेगडीच्या बाजूला कोसळली. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, वाचा बसली.

पोकुआला हे कळलं तेव्हा ती आपल्याच फोटोशेजारी उभी होती आणि लोक तिचा हात हातात घेत होते. ती पहिल्या विमानाने परत आली. पण फोटोने आपलं काम चोख केलं. तो एका मोठ्या मासिकात छापून आला, पैसे घालणारा भागीदार आपणहून टेचिमानला आला, आणि म्हणे पहिल्याच भेटीत तिच्याशी बरोबरीने बोलला. नाआ देदेईने हे वोफाला मोठ्या आनंदाने कळवलं. 

त्याने स्टुडिओ बंद केला. पोस्टरसाठी आलेली माणसं मी दुसरीकडे पाठवायची. तो माझ्या दुकानात कापडांच्या ढिगाशेजारी येऊन बसायचा आणि दिवसभर त्याच त्या चिंध्यांच्या घड्या घालायचा. मला राग यायचा. एकदा मी तडकलेच. म्हटलं, मांडणी त्या पोरीची, फोन बंद पोकुआचा, भिंत त्या चिकटवणाऱ्याची. सगळ्यांचं ओझं तू एकटा कशाला वाहतोस? मी समजावलं की तो जास्तच आक्रसायचा. मला वाटायचं, माणूस फार हळवा आहे.

तो पोकुआकडेही गेला होता. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, या फोटोबद्दल तुमच्या पाया पडू की तुमचं नाव टाकू, माझं मलाच कळत नाही. पुढे काही महिन्यांनी तिनेच निरोप पाठवला. आईची वाचा थोडी परत आली आहे, तिने बोलावलंय, आणि येताना कॅमेरा आणायला सांगितलंय.

माफी मागायला आमच्याकडे एकट्याने जात नाहीत, आणि ज्याचा गुन्हा तो स्वतः बोलतही नाही. त्याच्या वतीने बोलणारं माणूस लागतं. वोफाने मला नेलं. माफीच्या रीतीप्रमाणे अंडी, पांढरं कापड आणि श्नाप्स या दारूची बाटली घेतली. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. तो कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होता.

एनो बिरागो अंगणात खुर्चीवर होती, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. पोकुआ मागे उभी राहिली. मी सुरुवात केली, आणि स्वतःच सांगते, मी झकास बोलले. अजाणतेपणी झालं, मन स्वच्छ होतं, लेकीचं भलं व्हावं एवढंच होतं. म्हातारीने डावा हात वर केला.

"शिंपिणबाई, तू थांब." शब्द जड होते, पण स्पष्ट. "त्याला तोंड आहे. सरळ आहे त्याचं."

वोफा दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "एनो, मला दिसलं होतं."

"काय?"

"नमुना हातात आला तेव्हाच. काळं-पांढरं, खाली वय. हे मेलेल्याचं पोस्टर आहे, एका नजरेत कळलं मला. दुसरं काय करतो मी आयुष्यभर? पण कोपऱ्यात माझं नाव छापलं होतं. आजवर कुणीच छापलं नव्हतं. वाटलं, बदला म्हटलं तर पुन्हा छापतील आणि नाव राहून जाईल. म्हणून गप्प बसलो."

 इतके महिने मी या माणसाची समजूत घालत होते, तुझा काय दोष म्हणत होते, आणि त्याने ती प्रत्येक वेळी गिळून घेतली होती. पोकुआने तोंड फिरवलं. मला वाटलं म्हातारी आता शाप देणार.

तिने शाप दिला नाही. श्वास गोळा करत, थांबत थांबत बोलली. "गावाने माझ्या लेकीसाठी रडून घेतलं. भिंतीने तिला माझ्याआधी पाहिलं. आता तिचा फोन वाजला नाही की माझा जीव जातो. रांग मोडलीस तू. भिंतीवर आधी आईचा फोटो लागतो."

"हो, एनो."

"मग काढ माझा. मी गेले की तोच लावायचा. पोरीच्या आधी माझा लागला की माझी लेक रांगेत पुन्हा माझ्या मागे गेली."

वोफा म्हणाला, मी कॅमेरा सोडलाय. ती म्हणाली, "तुझ्या सोडण्याने माझं काय भलं झालं?" तेव्हा त्याने पिशवी उघडली. पट्टा मी सोडवून दिला. त्याने तिला उजेडाकडे वळवलं, पोकुआने पांढरं कापड तिच्या खांद्यावर घातलं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला.

"तोंडाची काळजी करू नका, एनो," तो हळूच म्हणाला. "संगणकात मी सरळ करून देतो. पहिल्यासारखं."

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तू केलंयस ना, मग दिसू दे."

आणि ती सरळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याने फोटो काढला. एकच काढला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

निघताना तिने अंडी ठेवून घेतली, कापड खांद्यावरच राहू दिलं, आणि श्नाप्सची बाटली पोकुआकरवी माझ्या हातात परत दिली. आमच्याकडे बाटली परत आली म्हणजे माफी मिळाली नाही. मी ती पटकन पिशवीत घालत होते, पण वोफाने पाहिली होती.